देवळ्याच्या कांदाचाळीतला एक अंक

बाबांच्या बायपाससाठी सोमवार ठरला आणि आमच्या घरातलं बोलणंच कमी झालं. बाबा म्हणजे माझे सासरे, वय सदुसष्ट, एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एरवी सकाळी पेपर वाचताना ते प्रत्येक बातमीवर मत देतात. त्या आठवड्यात नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडून असायचा. बुधवारी चहा पिता पिता ते मध्येच म्हणाले, "ते पत्र एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

"ते पत्र" ही आमच्या घरातली जुनी थट्टा. चाळीसेक वर्षांपूर्वी, लग्नाच्या थोडं आधी, बाबा चांदवडला कारकून होते. कचेरीत अंगठे उठवायला येणाऱ्या बायका दिवसभर उन्हात ताटकळत उभ्या राहायच्या आणि सावलीच्या व्हरांड्यात मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असायच्या. त्यावर त्यांनी बातम्यांच्या एका मराठी साप्ताहिकाला पत्र लिहिलं, ते छापून आलं आणि पंधरा दिवसांत व्हरांडा मोकळा झाला, असं ते सांगत. कात्रण कुठंय विचारलं की म्हणत, "बदल्यांमध्ये गेलं कुठंतरी." आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यावर दर वेळी हसायच्या. नळाला पाणी आलं नाही की माझा नवरा संदीप म्हणायचा, "बाबा, पत्र लिहा."

त्या बुधवारी मात्र कोणी हसलं नाही.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझा छंद ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगते. मी बातम्यांची जुनी साप्ताहिकं जमवते आणि भेट देते. कोणाच्या जन्माच्या आठवड्याचा अंक, कोणाच्या लग्नाच्या आठवड्याचा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास एका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला असा एक अंक दिला, तेव्हापासून ही खोड लागली. आता २००७ उजाडलं तरी रद्दीच्या दुकानासमोरून मला सरळ चालत जाता येत नाही. सोळा वर्षं मी जगाला त्यांचे आठवडे शोधून देत होते आणि घरातल्या माणसाचा आठवडा शोधायचं मला सुचलं नव्हतं, याची मला त्या चहाच्या वेळी लाज वाटली.

रविवार कारंजाजवळच्या माझ्या नेहमीच्या रद्दीवाल्या चाचांना फोन केला. ते म्हणाले, "इतने पुराने तो देवळ्याच्या गुरुजींकडेच मिलेंगे. माझ्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन जातात." त्यांनी नंबर दिला. निकम गुरुजींचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा होता. "विकत देत नाही मी. अंकाला अंक. माझ्याकडे नसलेला आणा, हवा तो घेऊन जा. आणि यायचं तर शनिवारीच. रविवारी मुलगा चाळीत कांदा भरणार आहे. मग माझे गठ्ठे कुठं जातील, मलाही सांगता येणार नाही."

म्हणजे शनिवार. सोमवारी ऑपरेशन, रविवारी ॲडमिट व्हायचं, आणि मी शनिवारी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर जाणार. संदीप म्हणाला, "मी आहे घरी, जा तू." आईंना फक्त कानावर घालावं म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मीही येते. घरात बसून यांच्या छातीकडे बघत राहायचं मला आता होत नाही. चांदवडला देवीला जातो म्हणून सांगू."

मला नाही म्हणता आलं नाही. पण ऑपरेशनच्या तोंडावर मी बाबांच्या बायकोला घराबाहेर नेतेय आणि वर खोटं बोलून नेतेय, ही टोचणी लागली ती लागलीच.

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही महामार्ग बसस्थानकावर होतो. पिशवीत बदलीसाठी माझ्याकडचे सात दुबार अंक, पाण्याच्या दोन बाटल्या, भिंग, दोन मऊ नॅपकिन. जाणार असाल तर नॅपकिन विसरू नका, घामाच्या बोटांनी जुना कागद खराब होतो. चांदवडला जायला गाड्या भरपूर, तिकीट पन्नासच्या आत आणि वेळ दीड तास धरा. आम्हाला दोन लागले, कारण पिंपळगावच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. मी दर पाच मिनिटांनी मोबाईल काढून बघत होते.

"त्याच्याकडे बघून तो वाजत नाही," आई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "नाहीच सापडलं तर?"

"तर बाबांना काही सांगायचं नाही."

"आणि सापडलं तर मला चाळीस वर्षांचं हसणं परत घ्यावं लागेल." हे बोलताना त्या हसल्या नाहीत.

चांदवडला उतरून वडापाव आणि चहा घेतला. चांदवड आईंचं माहेर. त्यांच्या वडिलांचं, बापूंचं, तिथं किराणा दुकान होतं, आता कोणीच राहिलेलं नाही. मी म्हटलं, वेळ आहे, गल्ली बघून येऊ. त्यांनी फक्त हातानं दिशा दाखवली आणि देवळ्याच्या काळीपिवळीत जाऊन बसल्या. जीप भरेपर्यंत अर्धा तास गेला. माणशी वीस रुपये, आणि तीन जणांच्या सीटवर पाच. भावडबारीच्या घाटात मोबाईलची रेंज गेली. घाट खरं तर छोटासा आहे, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मेमध्ये हिरवं काही नाही. हौसेनं गेला असतात तर आवडला असता. मला तिथं एवढंच दिसत होतं की आत्ता घरी काही झालं तर आम्हाला कळणारसुद्धा नाही.

गुरुजींचा मळा गावापासून दोनेक किलोमीटरवर. रिक्षानं गेलो. दारातच त्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "कोठून उनात? नाशिकथून? इतलं ऊन शे, आठेच बठा जराशा." आईंना त्या अहिराणी बोलीनं बरं वाटलं असावं, 'बसा' म्हटल्याबरोबर त्या पायरीवर टेकल्या.

गुरुजी पंच्याहत्तरीचे, पांढरा पायजमा, दोरी लावलेला चष्मा. पहिला प्रश्न, "हात धुतले का?" मग आम्हाला मागे घेऊन गेले. ज्यांनी कांदाचाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, लांबलचक पडवीसारखी शेड असते, दोन्ही अंगांना बांबूच्या पट्ट्या, वारा आरपार जातो म्हणून कांदा टिकतो. कागदही टिकतो, हे गुरुजींनी शोधून काढलं होतं. अर्धी चाळ त्यांची होती. पण आम्ही पोचलो तेव्हा मुलानं सफाईला सुरुवात केली होती आणि खताच्या रिकाम्या गोण्यांत बांधलेले गठ्ठे अंगणात ताडपत्रीवर येऊन पडले होते.

"वर्षवार लावले होते," गुरुजी म्हणाले. "कालपर्यंत."

त्यांचा मुलगा हातातली पाटी ठेवून म्हणाला, "दादा, कांदा उन्हात ठेवू का मग? त्याच्यावर घर चालतं."

"मी काय म्हणालो का तुला?" गुरुजी एवढंच बोलले. त्या दोघांकडे बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं. आपल्या घरातली काळजी घेऊन आपण दुसऱ्याच्या घरातल्या काळजीत येऊन पडलोय असं वाटत होतं.

बाबा साप्ताहिकाचं नाव नक्की सांगत, वर्ष मात्र कधी पासष्ट, कधी सहासष्ट. दोन वर्षं म्हणजे शंभरावर अंक. गुरुजींनी गोण्या शोधून दिल्या, आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसलो. मी पासष्ट घेतलं, आईंनी सहासष्ट. शोधायचं एकच, वाचकांच्या पत्रांचं पान आणि त्यावर शिरोडे हे आमचं आडनाव. अंकांमध्ये कडुनिंबाचा वाळका पाला घातलेला होता आणि प्रत्येक पानाला कांद्याचा वास. पिना गंजलेल्या, त्यामुळे मधलं पान हातात सुटून यायचं. काही अंकांतून पत्रांचं पानच कोणीतरी फाडून नेलेलं. असं पान आलं की वाटायचं, हेच असेल तर?

साडेबाराला सुनेनं जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, शेवेची भाजी, कच्चा कांदा. भाजी इतकी झणझणीत होती की आईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी अर्धी भाकरी आणखी घेतली. माझं लक्ष ताटात नव्हतं. पासष्टचे चाळीस अंक झाले होते आणि शिरोडे कुठंच नव्हतं.

जेवून उठतोय तोच फोन वाजला. संदीप होता. "घाबरू नकोस," तो म्हणाला, म्हणजे मी घाबरले. "हॉस्पिटलमधून फोन होता. उद्याऐवजी आज संध्याकाळीच ॲडमिट करा म्हणतात, काही तपासण्या बाकी आहेत. बाबा ठीक आहेत. पण आईबद्दल तीनदा विचारलं. सहापर्यंत या."

मी हिशेब केला. अडीचला तरी निघायला हवं. आईंना सांगितलं. त्या पुन्हा ताडपत्रीवर जाऊन बसल्या आणि पुढचा अंक उचलला. आता आम्ही वाचत नव्हतो, फक्त आडनावांवरून बोट फिरवत होतो. गुरुजीही चष्मा सावरत तिसरीकडून शोधायला लागले. दोन वाजले. सव्वादोन.

माझं पासष्ट संपलं. मी म्हटलं, "आई, चला. नाहीये."

 आईंच्या मांडीवर एक अंक उघडा होता आणि त्या अजिबात हलत नव्हत्या. मला वाटलं ऊन लागलं. पाण्याची बाटली घेऊन जवळ गेले तर त्यांनी बोट ठेवलं होतं त्या पत्राकडे माझं लक्ष गेलं. उजव्या कोपऱ्यात, खाली, सात-आठ ओळी. "अंगठा देण्यासाठी आलेल्या बायका उन्हात उभ्या असतात आणि मोडक्या खुर्च्या सावलीत बसतात. खुर्च्यांना ऊन लागले तर त्या रडणार नाहीत." अगदी बाबांचं बोलणं. आणि खाली नाव: कु. लता कोठावदे, चांदवड.

लता कोठावदे म्हणजे आई. लग्नाआधीच्या.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी वेड्यासारखं विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही लिहिलं. तेव्हाही हेच सांगत होते मी."

गुरुजींनी पत्र वाचलं, मग मी त्यांना बाबांची नोकरी सांगितली. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "सरकारी माणसाला आपल्याच कचेरीविरुद्ध पेपरात कसं लिहिता येणार? नोकरीवर गदा आली असती. आम्ही मास्तर लोकसुद्धा भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावानं लिहायचो. यांनी होणाऱ्या बायकोचं वापरलं."

आईंनी अंक मिटला. "द्याल का हा?"

गुरुजींनी माझे सात अंक पाहिले, त्यातला एक उचलला. त्या एका अंकानं त्यांचं एक अख्खं वर्ष पुरं होत होतं. ते तो दोन्ही हातांनी धरून मुलाकडे घेऊन गेले, आणि मुलानं कांद्याची पाटी खाली ठेवून तो पाहिला. आम्ही निघालो तेव्हा बापलेक दोघं मिळून चाळीच्या टोकाची एक फळी रिकामी करत होते.

परतीच्या जीपमध्ये आईंनी अंक नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. चांदवडला नाशिकची गाडी लगेच मिळाली, खिडकीची जागाही मिळाली, आणि गाव मागे पडल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"आमचं लग्न ठरलेलं होतं. पण लग्नाआधी मला नाशिकला मास्तरणीचा कोर्स करायचा होता. फॉर्म भरला होता, बापू हो म्हणाले होते. यांच्या कचेरीचे साहेब आमच्या दुकानातून सामान नेत. एक दिवस ते बापूंना म्हणाले, तुमची मुलगी बरीच शहाणी झालीय, पेपरात लिहायला लागली. बापूंनी घरी येऊन विचारलं. पत्र कशाबद्दल ते साहेब बोलले नव्हते आणि आम्ही ते कधी पाहिलंही नाही, म्हणून यांच्या पत्राशी मी ते जोडलंच नाही. मी देवाची शपथ घेतली, तरी पटलं नाही. कोर्स बंद. महिन्याभरात लग्न. मला वाटायचं, शेजारच्या कुसुमनं खोडी काढली. तिच्याशी मी पुन्हा बोलले नाही. ती वारली गेल्या वर्षी."

 भेट म्हणून शोधायला गेले होते मी. ओझरपर्यंत माझ्या डोक्यात एकच चालू होतं. आता हॉस्पिटलमध्ये शिरल्यावर आई काय बोलतील? बाबांचं हृदय आधीच तीन ठिकाणी अडलेलं. पिशवी माझ्या मांडीवर होती. खरं सांगते, ती गाडीत विसरावी असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

"आई," मी म्हटलं, "आज..."

"कळतं मला," त्या म्हणाल्या आणि पिशवी माझ्याकडून घेतली.

पावणेसातला हॉस्पिटलला पोचलो. बाबांच्या हाताला सलाईन लावलेलं. आईंना बघून त्यांचा चेहरा सैलावला. "झालं का देवीचं दर्शन?"

"झालं," आई म्हणाल्या. उशाशी बसून त्यांनी बाबांच्या कपाळावरचा घाम पुसला. पिशवी आईंच्या पायांशी होती. मी दारात उभी होते, आणि आईंचं प्रत्येक वाक्य संपायची वाट बघत होते. त्या बोलल्या ते एवढंच, की चांदवडला फार ऊन होतं, ट्रॅक्टर फार होते, आणि तुम्ही दुपारची गोळी घेतलीत का.

सोमवारी ऑपरेशन साडेपाच तास चाललं. त्या साडेपाच तासांबद्दल मी लिहिणार नाही. आई बाकावर सरळ बसून होत्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. डॉक्टर बाहेर येऊन "सगळं नीट झालं" म्हणाले तेव्हा त्या उठल्या आणि बाथरूममध्ये गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

बाबा घरी आले. तिसऱ्या आठवड्यात ते सोसायटीच्या गेटपर्यंत चालायला लागले. मला वाटायला लागलं होतं की आईंनी तो विषय मिटवला. मग एका दुपारी जेवणानंतर त्यांनी अंक आणून बाबांच्या समोर ठेवला. मी स्वयंपाकघरात होते आणि तिथून हललेच नाही. बाबांनी मुखपृष्ठ पाहिलं, आणि न चाळता नेमकं ते पान उघडलं.

पत्र वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कधी मिळालं?"

"तुम्ही ॲडमिट झालात त्या दिवशी."

"आणि बोलली नाहीस."

"तुमचं काळीज डॉक्टरांच्या हातात होतं. त्यात मी कशाला हात घालू?"

बाबांनी चष्मा काढला. "खाली टाकायला नाव हवं होतं. भावाचं टाकता आलं असतं. पण लग्न ठरल्यापासून डोक्यात तुझ्याशिवाय दुसरं नावच येत नव्हतं. गंमत वाटली. असं काही होईल असं मनातसुद्धा आलं नाही."

"आणि बापूंनी कोर्स बंद केला तेव्हा?"

"तेव्हा घाबरलो. नोकरी जाईल, लग्न मोडेल. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग राहतच गेलं."

"मला शाळेत शिकवायचं होतं हो," आई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, अगदी साधं. बाबांनी मान खाली घातली. मग दोनच्या गोळीची वेळ झाली, ती आईंनी त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि आत निघून गेल्या. पुढचे पाच-सहा दिवस घरात गोळ्या आणि पथ्य याखेरीज त्यांच्यात बोलणं नव्हतं. हे माझ्यामुळे झालं, हा विचार पाठ सोडत नव्हता. एकदा आईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तू फक्त कागद आणलास. बाकीचं आधीच होतं."

तेव्हापासून कोणी जुना अंक मागितला की मी आधी विचारते, नेमकं काय शोधताय, आणि सापडलं तर झेपेल का. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. देवळ्याला जाणाऱ्यांना रस्ता, भाडं, जेवण सगळं वर लिहिलंय. गुरुजींकडे आता एकच फळी आहे, पण ती नीट लावलेली आहे, परवाच फोनवर सांगत होते.

अंक आईंच्या कपाटात असतो, बाबांच्या नाही. गेल्या रविवारी बाबांचे कचेरीतले दोन जुने मित्र तब्येत बघायला आले होते. गप्पा निघाल्या तशी त्यातल्या एकानं विचारलं, "शिरोडे, तुमच्या त्या पत्राचं काय झालं?" संदीपनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सापडलं. मजकूर माझा, नाव हिचं, आणि नुकसानही हिचं. मला सांगायला चाळीस वर्षं लागली."

आई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला, आत जाऊन कपाट उघडल्याचा आवाज आला. अंक घेऊन त्या बाहेर आल्या, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, पान काढलं आणि पाहुण्यांना ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, सावकाश, विरामचिन्हांसकट, वर्गात वाचावं तसं. शेवटी क्षणभर थांबल्या आणि खालचं नावही वाचलं.